नवोदय प्रवेश परीक्षेची खासगी शिकवणी (धाराशिव जिल्हा)

जवाहर नवोदय विद्यालयाच्या इयत्ता सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीतील मुलांना शुल्क घेऊन दिल्या जाणाऱ्या तयारीस नवोदय शिकवणी म्हणतात. धाराशिव जिल्ह्याचे नवोदय विद्यालय तुळजापूर येथे आहे.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर देशभर पसरलेली ही केंद्रीय निवासी विद्यालये ग्रामीण गुणवंतांसाठी आहेत. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण विद्यार्थ्यांना आणि एक तृतीयांश मुलींना मिळतात. निवास, भोजन व शिक्षण मोफत असते. मात्र सहावीत जास्तीत जास्त ८० जागा असतात आणि ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. अल्पभूधारक पालकही शिकवणीवर खर्च करतात, तो मुख्यतः या 'एकदाच'मुळे.

परीक्षा मराठीतूनही देता येते. दोन तासांत ८० प्रश्न सोडवायचे असतात. मानसिक क्षमतेचे ४०, अंकगणिताचे २० आणि भाषेचे २० प्रश्न असतात. चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. अंकगणित व भाषा शाळेत शिकवली जातेच. मानसिक क्षमतेचे प्रश्न मात्र केवळ आकृत्यांचे असतात. आरशातील प्रतिमा, घडी घालून छिद्र पाडलेला कागद, आकृतीत लपलेली आकृती असे प्रकार पाठ्यपुस्तकात फारसे भेटत नाहीत. शिकवणीचा खरा उपयोग येथे होतो. परंतु तो सरावाचा उपयोग आहे. जुन्या प्रश्नपत्रिका, घड्याळ आणि शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करून घेणारा जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक लाभल्यास त्याचा बराचसा भाग विनाशुल्क साधतो. शिकवणीमुळे जागा वाढत नाहीत. सर्वांनीच ती लावली तर चुरस तेवढी वाढते.

निवासी शिकवणीत एक धोका दुर्लक्षित राहतो. उमेदवार ज्या जिल्ह्यात राहतो व पाचवीत शिकतो, त्याच जिल्ह्याच्या विद्यालयासाठी पात्र ठरतो. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी व पाचवी ग्रामीण शाळेत झालेली असावी लागते. शहरी शाळेत एक दिवस शिकलेला विद्यार्थीही शहरी गणला जातो. त्यामुळे शिकवणीच्या सोयीसाठी मुलाचे नाव लातूर किंवा सोलापूरच्या शाळेत घातल्यास तुळजापूरच्या जागेवरील हक्कच जातो.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शिकवणी केंद्रांनी १६ वर्षांखालील विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ नये व यशाची हमी देणाऱ्या जाहिराती करू नयेत. नवोदयचे उमेदवार साधारणतः दहा वर्षांचे असतात.