चार आण्याचा सभासद

१९३४ नंतर गांधीजी काँग्रेसचे चार आण्याचेही सभासद नव्हते, हे आपण हमखास ऐकलेलं असतं. ते चार आणे डिसेंबर १९२० च्या नागपूर अधिवेशनातले. नवी घटना मंजूर झाली आणि वार्षिक वर्गणी ठरली चार आणे. घटनेचा मसुदा मुख्यतः गांधीजींचा, म्हणून या आकड्याचं श्रेयही त्यांनाच देतात.

मला ते पटत नाही. १८९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांनीच उभारलेल्या नाताळ इंडियन काँग्रेसची वर्गणी होती महिना किमान पाच शिलिंग, म्हणजे वर्षाला तीन पौंड! टोंगाटला एका यजमानाकडून सहा पौंडांची अपेक्षा होती, ते तीनच्या वर जाईनात. वर्गणी गोळा करायला आलेल्या पाहुण्यांनी ताटाला हात लावला नाही. रात्रभर मनधरणी चालली, पहाटे सहा पौंड हाती आले आणि मग पंगत बसली. ही वर्गणी व्यापाऱ्यांना झेपणारी होती, मजुरांना नव्हे.

मग स्वस्त वर्गणी आली कुठून? आयर्लंडकडे बोट दाखवता येतं. १८२३ मध्ये तिथला पुढारी ओकॉनेल याच्या कॅथलिक असोसिएशनची वर्गणी वर्षाला एक गिनी होती. पुढच्याच वर्षी त्याने महिना एक पेनीचे सहसभासद केले आणि चर्चच्या दाराशी वसुली सुरू झाली. ‘होमरूल’ हे नावही आपण तिथूनच उचललं. पण तिथे गिनीवाले वेगळे, पेनीवाले वेगळे.

माझा कौल तळेगाव दाभाड्याला. अंताजी दामोदर काळ्यांच्या पैसा फंडाचं मागणं सावकाराकडे आणि कुणब्याकडे एकच होतं: माणशी, दरसाल, एक पैसा. टिळकांनी पाठबळ दिलं आणि १९०८ मध्ये त्यातून काचकारखाना उभा राहिला. चार आणे म्हणजे असेच सोळा पैसे. टिळक गेले ऑगस्ट १९२० मध्ये. त्यांच्या नावाच्या स्वराज्य फंडाबरोबरच ३० जून १९२१ पर्यंत एक कोटी सभासदांचं लक्ष्य धरलं गेलं. त्यांचेच चार-चार आणे पंचवीस लाख रुपये होतात. थेंबाथेंबाचा हा हिशेब मला पैसा फंडाचाच वाटतो.

गांधीजींचा खरा ठसा दिसतो १९२४ च्या बेळगाव अधिवेशनात. वर्गणी पैशांत नकोच, महिन्याला दोन हजार वार सूत द्या! स्वतः कातायची इच्छा नसेल, तर दुसऱ्याने कातलेलं चालेल. वर्षभरात चार आणे परत आले. ज्याला हवं त्याने त्यांऐवजी स्वतः कातलेलं दोन हजार वार सूत द्यावं, आता वर्षातून एकदाच.