मुडदूस आणि जीवनसत्त्व

शास्त्र परकें असलें तरी दुखणें आपलेंच असतें. म्हणून दुखण्यास नांव देण्याचें काम कोणतीही भाषा परक्यावर सोंपवीत नाहीं. याची प्रचीति पाहावयाची असल्यास वाचकांनीं आमच्याबरोबर घोडपदेवास यावें.

भायखळा व माझगांव यांच्या लगतची ही वस्ती गिरण्या व गोदी यांच्या आधारानें वाढली. कोंकणांतून व घाटावरून आलेल्या कामकऱ्यांनीं वळकटीबरोबर आपली बोलीही येथें आणली. मुलाचीं हाडें मऊ पडून पाय वांकले, कीं त्यांच्या लेखीं तो मुडदूस. हे बहुतेक शेतकऱ्यांचे पुत्र. त्यामुळें पिकांच्या रोगांचीं नांवेंही त्यांस तोंडपाठ. गव्हाच्या पानावर तांबूस पूड दिसली तर तांबेरा, ज्वारीच्या कणसांत दाण्याऐवजीं काळी भुकटी भरली तर काणी, पानावर राख फांसल्यासारखें झालें तर भुरी. हे शब्द कोणा पंडितानें घडविले नाहींत. डोळ्यांस दिसलें तेंच जिभेवर आलें.

परंतु असे शब्द रोगाचें रूप सांगतात, कारण सांगत नाहींत. तांबेरा, काणी व भुरी या तिन्हींच्या मुळाशीं बुरशी आहे, हें शास्त्रानें दाखविलें. तें नवें शास्त्र शिकविणारें ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं जवळच भायखळ्यास निघालें. तेथील डॉ. सखाराम अर्जुन (१८३९–१८८५) हे वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ. १८८३ सालच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकीं एक. त्यांनीं मराठींतही वैद्यकावर ग्रंथ लिहिले. अशा लेखकापुढें केवढी अडचण असते! यकृत, प्लीहा, जठर हे शब्द संस्कृतांत तयार होते. पण 'पित्त' घ्या. आयुर्वेदांत तो एक दोष, नव्या शास्त्रांत यकृतांत उत्पन्न होऊन स्निग्धांशाच्या पचनास साह्य करणारा रस, आणि घरांत आंबट ढेंकर! आयता शब्द नेहमींच सोयीचा नसतो.

म्हणून नवे शब्द घडवावे लागले. कर्ब आणि उदक मिळून 'कर्बोदक' सुबक झाला. 'जीवनसत्त्व' तर मूळ शब्दाहूनही सरस म्हणावा. १९१२ सालीं कॅसिमिर फुंक यांनीं 'व्हिटॅमिन' हें नांव दिलें, तें हीं द्रव्यें 'अमाइन' वर्गांतील आहेत अशा समजुतीनें. तो समज चुकीचा ठरल्यावर १९२० सालीं इंग्रजी शब्दाचें शेवटचें अक्षर गाळलें गेलें; तरी चुकीची खूण राहिलीच. मराठी शब्द त्या चुकीपासून मुक्त आहे. सगळ्याच शब्दांचें भाग्य मात्र असें नाहीं. 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द अर्थानें बिनचूक. तथापि पान उन्हाच्या बळावर अन्न तयार करतें, हें त्याबरोबर सांगितलें नाहीं, तर विद्यार्थी केवळ घोकंपट्टी करतो.

आतां अशी कल्पना करा, कीं घोडपदेवच्या चाळींतील एखादी आई वांकल्या पायांचें मूल घेऊन दवाखान्यांत आली आहे. ती म्हणते, मुडदूस झाला. डॉक्टर म्हणतात, 'ड' जीवनसत्त्वाची उणीव आहे. दोघांचेंही बरोबर आहे. पण हे दोन शब्द एकाच दुखण्याचे आहेत, हें तिला कोणीं सांगितलें नाहीं, तर मुलास उन्हांत बसविण्याचा सल्ला तिला कसा पटावा? अंधाऱ्या खोलींत ती दृष्टच काढीत बसेल. आमच्या परिभाषाकारांस एवढीच विनंति, कीं नवा शब्द जरूर घडवावा; मात्र त्याच्याशेजारीं त्या माउलीचा शब्दही लिहावा.