वृद्धापकाळ आणि राज्याचे अंदाजपत्रक

वृद्ध माता-पित्यांचे पालन हा आपल्याकडे पूर्वापार कुटुंबाचा धर्म मानला गेला आहे. कुटुंबाचे बळ अपुरे पडले, तर भाऊबंद व ज्ञातिबांधव हात देत. सरकारी तिजोरीचा संबंध येई तो मुख्यतः सरकारी नोकरांच्या पेन्शनपुरता. ज्याने जन्मभर दुसऱ्याच्या शेतात वा मागावर घाम गाळला, त्याच्या म्हातारपणाची दखल अंदाजपत्रक घेत नसे.

२६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेने ही उणीव ओळखली. तिच्या ४१ व्या अनुच्छेदात वृद्धापकाळी सार्वजनिक साहाय्य देण्याचे कर्तव्य राज्यावर सोपविले आहे. मात्र ते 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' राहून. शिवाय हे मार्गदर्शक तत्त्व असल्यामुळे त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्याने वृद्ध आईबापांच्या पोषणाचा भार पुत्र व कन्या या दोघांवरही ठेवला. १९५७ मध्ये उत्तर प्रदेशाने वृद्धांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले. महाराष्ट्रात १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. पुढे श्रावणबाळ योजनेची तीत भर पडली.

केंद्र सरकार या कार्यात १५ ऑगस्ट १९९५ रोजी उतरले. प्रारंभी त्याचे साहाय्य दरमहा ७५ रुपये होते; २००६ मध्ये ते २०० रुपये झाले. २०११ मध्ये वयाची अट ६५ वरून ६० वर आणण्यात आली व ८० वर्षांवरील वृद्धांना ५०० रुपये मिळू लागले. परंतु ऐंशीच्या आतील वृद्धांसाठी केंद्राचा वाटा आजही २०० रुपयेच आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपल्या दोन्ही योजनांची मासिक रक्कम १,००० वरून १,५०० रुपये केली, हे स्वागतार्ह होय.

तथापि द्रव्यसाहाय्य आणि शुश्रूषा या भिन्न गोष्टी आहेत. पंधराशे रुपयांत औषधपाणी कसेबसे भागेल. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाची कूस बदलणारा हात त्यातून लाभत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधारांची सोय होईल असे एक तरी वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे. पण तेथे क्रियापद 'उभारील' असे नसून 'उभारू शकेल' असे आहे. व्याकरणातला हा लहानसा भेद. परंतु वृद्धाच्या डोक्यावर छप्पर असणे वा नसणे त्यावर अवलंबून राहते. जे खर्च बंधनकारक नाहीत, तेच टंचाईच्या काळी प्रथम मागे पडतात.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील साठीपुढील लोकसंख्या एक कोटी अकरा लाखांच्या घरात होती. मुले शहरांत व परदेशी स्थिरावत असल्याने गावोगावची घरे रिती होत आहेत. अशा वेळी राज्याकडे मागणी करणे हे जसे आपले कर्तव्य, तसेच राज्य देते ते गरजूंपर्यंत पोहोचविणे हेही. वय व उत्पन्नाचे दाखले मिळविता न आल्याने एखादी निराधार भगिनी हक्काच्या रकमेस मुकू नये.

आपले मंडळ गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव करते, हे उचितच आहे. त्याचबरोबर प्रत्येक तालुक्यातील सभासदांनी आपल्या परिसरातील एकाकी वृद्धांची यादी करावी, त्यांचे अर्ज तहसील कचेरीत दाखल करावेत आणि आठवड्यातून एकदा तरी त्यांच्या दारी जाऊन विचारपूस करावी. ज्यांनी मंडळाचा पाया घातला त्या पिढीचे ऋण फेडण्याचा याहून सरळ मार्ग नाही.