जुन्या कोड्यांचा जीर्णोद्धार

कोणतीहि जुनी वास्तु पुन्हां उभी करावयाची झाली म्हणजे दोन पक्ष आपोआप पुढें येतात. एक म्हणतो, मूळच्या दगडास दगड लावा, तसूभरहि फरक करूं नका. दुसरा म्हणतो, ज्या हेतूनें ती बांधली तो हेतु साधत असेल तर दगड बदलले म्हणून काय बिघडलें? देवळांच्या जीर्णोद्धाराच्या वेळीं हा वाद आपण अनेकदां ऐकला आहे. संगणकावरील साहसकोड्यांचा इतिहास अवघा पन्नास वर्षांचा. तथापि त्या क्षेत्रांतहि आतां हाच वाद उपस्थित झाला आहे, व तेथें तो अधिक बिकट आहे. देऊळ हजारदां पाहिलें तरी देऊळच राहतें. कोडें मात्र एकदां सुटलें कीं त्याचा प्राण गेला. अशीं सुटलेलीं कोडीं 'आभासी वास्तवा'च्या नव्या साधनासाठीं, म्हणजे डोळ्यांवर संच चढवून मनुष्यास चित्राच्या आंत उभें करणाऱ्या यंत्रासाठीं, पुन्हां रचण्याचे प्रयत्न अलीकडे झाले. त्यांपैकीं तिहींचा विचार आम्हीं येथें योजिला आहे.

या खेळांचा मूळपुरुष अमेरिकेंतील केंटकी संस्थानांतल्या एका खऱ्याखुऱ्या गुहेंतून निघाला. मॅमथ केव्ह या प्रसिद्ध गुहासमूहाच्या मोजणींत विल क्रौथर व त्यांची पत्नी पॅट्रिशिया हीं दोघेंहि भाग घेत असत. फ्लिंट रिज व मॅमथ केव्ह या गुहामालिका जमिनीखालून एकमेकींस जोडलेल्या आहेत, असें १९७२ च्या सप्टेंबरांत ज्या तुकडीनें सिद्ध केलें, तींत पॅट्रिशिया होत्या. पुढें हें दांपत्य विभक्त झालें. संगणकांच्या आर्पानेट या आद्य जाळ्याच्या उभारणींत काम करणाऱ्या क्रौथर यांनीं १९७५-७६ च्या सुमारास, आपल्या मुलींस रमवितां यावें म्हणून, त्या गुहेचें शब्दरूप तयार केलें. यंत्रानें स्थळाचें वर्णन द्यावें, खेळणाऱ्यानें 'उत्तरेस जा', 'दिवा घे' अशा एकदोन शब्दांच्या आज्ञा टंकाव्या, आणि यंत्रानें पुढचें वर्णन द्यावें, एवढीच त्याची रीति. १९७७ त स्टॅन्फर्ड येथील डॉन वुड्स यांनीं क्रौथर यांच्या संमतीनें त्यांत खजिने व कोडीं यांची मोठी भर घातली, आणि 'कोलोसल केव्ह' सर्वतोमुखी झाला. २००७ सालीं डेनिस जर्झ या अभ्यासकानें क्रौथर यांची मूळ आज्ञावलि प्रसिद्ध केली व स्वतः गुहेंत उतरून वर्णनें ताडून पाहिलीं. तेव्हां शब्दांतील गुहा दगडांतील गुहेशीं पुष्कळ ठिकाणीं जुळते, असें दिसून आलें. ज्या घरांतून आईबाप एकत्र नाहींसे झाले, त्या घरांतील मुलींसाठीं बापानें दोघांच्या आवडीचें स्थळ शब्दांत जपून ठेवलें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या कोरड्या वाक्यांना निराळाच ओलावा येतो.

१९७९ च्या सुमारास या खेळानें रॉबर्टा विल्यम्स यांना झपाटलें. पति केन यांच्या साहाय्यानें त्यांनीं १९८० त 'मिस्टरी हाउस' हा रेखाचित्रांसहित खेळ काढला व चित्रमय साहसखेळांची परंपरा सुरू केली. पुढें बरींच वर्षें निवृत्त राहिलेलें हेंच दांपत्य १९ जानेवारी २०२३ रोजीं त्या आद्य गुहेची चित्रमय आवृत्ति घेऊन परत आलें. ती डोळ्यांवर संच चढवूनहि खेळतां येते. गुरूचें ऋण फेडण्याचा हा प्रकार मनोज्ञ खराच. त्यांनीं जुन्या कोड्यांस फारसा हात लावला नाहीं. परंतु आमच्या मतें अडचण तेथेंच आहे. मूळ खेळांत एक चक्रव्यूह आहे. त्यांतील प्रत्येक दालनाचें वर्णन एकच. खेळणारा एकेका दालनांत एकेक वस्तु टाकून खूण करतो व कागदावर नकाशा काढतो, तेव्हां कोठें वाट सांपडते. शब्दांनीं 'सारखें' म्हटलें कीं तें सारखें होतें; त्यापलीकडे पाहण्यास वाचकाजवळ कांहींच नसतें. डोळ्यांस मात्र वळण, उंची, उतार हीं सारीं दिसतात. त्यामुळें हाच व्यूह डोळ्यांपुढें उभा केला म्हणजे त्यांतील बुद्धीचा भाग कमी होतो आणि पायपीट तेवढी उरते. शब्दांच्या मापानें शिवलेला अंगरखा चित्राच्या अंगावर नीट बसत नाहीं.

दुसरें उदाहरण 'मिस्ट'चें. रँड व रॉबिन मिलर या बंधूंच्या सायान या मंडळीनें वॉशिंग्टन संस्थानांतील स्पोकेन येथें तो रचिला, व २४ सप्टेंबर १९९३ रोजीं तो मॅकिंटॉश यंत्रासाठीं निघाला. ज्यूल व्हर्नच्या गूढ बेटाच्या कादंबरीवरून त्याचें नांव सुचलें. निर्जन बेट, ग्रंथालय, हात ठेवतांच दुसऱ्या जगांत नेणारीं पुस्तकें, आणि दोन पुस्तकांत कोंडलेले दोन भाऊ, असा त्याचा थाट. सुमारें २५०० स्थिर चित्रें एकापुढें एक मांडून हें बेट उभें केलें होतें. त्या काळच्या तबकड्या मंदगति असल्यामुळें चलच्चित्र अगदीं लहान दाखवावें लागे. कर्त्यांनीं तें पुस्तकाच्या पानावरील छोट्या खिडकींत बसविलें, आणि कैद्याचें कोंडलेपण त्यामुळें अधिकच पटूं लागलें. या खेळाच्या साठ लाखांहून अधिक प्रती खपल्या.

डिसेंबर २०२० मध्यें 'मिस्ट' नव्या साधनावर आला, आणि येथें लाभ स्पष्ट दिसतो. मूळ कोडीं बहुतेक झडपा, चाकें, कळी व दांडे यांचीं होतीं. पूर्वीं बाणानें दाबावयाचें तें आतां हातानें फिरवितां येतें, व पुस्तकावर खरोखरच तळवा टेकतां येतो. ज्यांस उत्तरें पाठ आहेत त्यांच्यासाठीं कोड्यांचीं उत्तरें बदलून घेण्याची सोयहि कर्त्यांनीं ठेविली. डोळा चालल्याचें सांगतो आणि कानांतील तोलाचें इंद्रिय स्थिर असल्याचें सांगतें, यामुळें अनेकांस मळमळतें. म्हणून एका जागेवरून दुसऱ्या जागीं एकदम उडी घेण्याची सोय करावी लागली. गंमत अशी कीं, १९९३ सालीं यंत्राच्या दुबळेपणामुळें चित्राचित्रांतून उड्या घ्याव्या लागत. आतां शरीराच्या दुबळेपणामुळें त्याच घ्याव्या लागतात!

परंतु एका हानीकडे आमच्या मतें पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं. १९९३ च्या पेटीबरोबर एक कोरी वही येत असे. एकानें यंत्र चालवावें, दुसऱ्यानें टिपावें, तिसऱ्यानें मागून तर्क सांगावा, असा कुटुंबाचा खेळ त्यांतून घडूं शके. डोळ्यांवर संच चढविला म्हणजे वहीहि दिसत नाहीं व शेजारचा मनुष्यहि दिसत नाहीं. कोडें सोडविण्याचा निम्मा आनंद तें कोणाबरोबर तरी सोडविण्यांत असतो; तो परत कसा आणावयाचा, याचें समाधानकारक उत्तर या साधनानें अद्याप दिलेलें नाहीं.

तिसरा खेळ 'रिव्हन', म्हणजे 'मिस्ट'चाच १९९७ मधील उत्तरार्ध; मूळ पांच तबकड्यांवरील. त्याच्या भक्तांनींच कित्येक वर्षें तें बेट नव्यानें रचण्याचा खटाटोप चालविला होता. पुढें सायाननें हें काम स्वतः हातीं घेतलें, आणि २५ जून २०२४ रोजीं नवी आवृत्ति निघाली. येथें कर्त्यांनीं धैर्य दाखविलें. बेटांची ठेवण, कथा व वातावरण तेंच. परंतु कित्येक कोडीं बदललीं, कांहीं नव्यानें घातलीं. नटांच्या जुन्या चित्रफिती बसविणें अशक्य, म्हणून त्यांच्या जागीं आकृति आल्या. वहीची उणीव भरून काढण्यासाठीं खेळांतच दृश्यें टिपून ठेवण्याची सोय केली. ज्यानें १९९७ त सारें उलगडलें होतें, त्यालाहि येथें पुन्हां थांबून विचार करावा लागतो. आणि आमच्या समजुतीप्रमाणें पुनर्निर्मितीची खरी कसोटी हीच. 'कोलोसल केव्ह'नें अक्षर राखलें, 'रिव्हन'नें कुतूहल राखलें.

मात्र यावरून मूळ कृति टाकाऊ ठरतात असें कोणीं समजूं नये. उलट, जितका फेरबदल धीटपणें करावा तितकें मूळ जपण्याचें दायित्व वाढतें. जुनीं यंत्रें मोडीत निघालीं, जुन्या तबकड्या वाचणारे खण नाहींसे झाले. आणि जर्झ यांच्या हातीं ती आज्ञावलि लागली नसती तर क्रौथर यांनीं किती लिहिलें व वुड्स यांनीं किती, हेंहि नीट कळलें नसतें. नवें देऊळ खुशाल बांधावें. पण जुन्याचे दगड कोठें होते याची नोंद आधीं करावी. मुलींसाठीं लिहिलेली ती मूळ गुहा आज कोणासहि वाचतां येते, ही गोष्ट नव्या आवृत्तींच्या दिमाखाहून आम्हांस कमी मोलाची वाटत नाहीं.