श्वसनमार्गातील पक्ष्माभिका

श्वसनमार्गातील पक्ष्माभिका म्हणजे नाक, श्वासनलिका व तिच्या शाखा यांच्या अस्तरातील पेशींवर असणारे केसासारखे सूक्ष्म, हालते तंतू होत. श्वासाबरोबर आत आलेली धूळ, परागकण व जंतू श्लेष्मात (चिकट स्रावात) अडकतात आणि पक्ष्माभिकांच्या लयबद्ध हालचालीमुळे घशाकडे सरकतात. ही सफाई पक्ष्माभिकांच्या वेगाइतकीच त्यांच्याभोवतीच्या द्रवाच्या स्थितीवर अवलंबून असते.

रचना व हालचाल

एका पेशीवर सुमारे २०० पक्ष्माभिका असतात. प्रत्येकीची लांबी सुमारे ६ ते ७ मायक्रोमीटर असते. तिच्या आत कडेने सूक्ष्मनलिकांच्या ९ जोड्या व मध्यभागी २ नलिका असतात. डायनीन हे प्रथिन एटीपीमधील ऊर्जा वापरून या जोड्या एकमेकींवर सरकवते व पक्ष्माभिका वाकते. शरीराच्या तापमानाला ती सेकंदाला साधारणपणे १० ते १५ वेळा हलते. पुढच्या फटक्यात ती ताठ राहून श्लेष्माला ढकलते, तर परतताना वाकून पेशीलगत सरकते. एवढ्या लहान आकाराला द्रवाचा चिकटपणाच प्रभावी ठरतो. दोन्ही फटके सारखेच असते, तर द्रव पुढे सरकलाच नसता.

द्रवाचे दोन थर

पक्ष्माभिकांभोवती पातळ द्रवाचा थर असतो. त्याची जाडी पक्ष्माभिकांच्या लांबीएवढीच असते. त्यावर श्लेष्माचा दाट थर असून पुढच्या फटक्यात पक्ष्माभिकांची टोके त्याला स्पर्श करतात. निरोगी श्लेष्मात बहुतांश पाणीच असते. पाणी कमी झाल्यास श्लेष्म घट्ट होतो, खालचा थर दबतो आणि पक्ष्माभिकांना हालचालीस जागा उरत नाही.

द्रवस्थितीचे परिणाम

* श्यानता (दाटपणा) : द्रव मर्यादेपर्यंत दाट झाला, तरी पेशीत कॅल्शियमची पातळी वाढून पक्ष्माभिका अधिक जोर लावतात व गती बरीचशी टिकवतात. त्यापलीकडे फटक्याची व्याप्ती आणि गती घटते.
* तापमान : थंडीत गती मंदावते.
* आम्लता : द्रव अधिक आम्लधर्मी झाल्यास गती कमी होते.
* क्षारांचे प्रमाण : मिठाच्या तीव्र द्रावणात हालचाल मंदावते किंवा थांबते.
* आर्द्रता : कोरड्या हवेने थरांतील पाणी उडून जाते.

आजार व उपचार

सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात पक्ष्माभिकांची रचना निर्दोष असते. मात्र पेशींतून क्षार व पाणी पुरेसे बाहेर येत नसल्याने श्लेष्म घट्ट होतो व वारंवार संसर्ग होतो. या आजाराशी संबंधित जनुक १९८९ मध्ये सापडले. याउलट, पक्ष्माभिकांच्या जन्मजात दोषात द्रव ठीक असूनही सफाई होत नाही. दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांना मिठाच्या तीव्र द्रावणाची वाफारलेली मात्रा दिली जाते. हे द्रावण पेशींमधून पाणी ओढून श्लेष्म पातळ करते. तीव्र मिठाने हालचाल मंदावत असली, तरी श्वसनमार्गातील द्रवात ते लवकर विरळ होते.

हठयोगातील जलनेतीत कोमट, मिठाच्या पाण्याने नाक धुतले जाते. पुणे जिल्ह्यातील लोणावळा येथे स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये स्थापन केलेली कैवल्यधाम ही संस्था योगक्रियांच्या शास्त्रीय अभ्यासासाठी प्रसिद्ध आहे. नाक धुण्यासाठी शरीरद्रवाच्या जवळपास, म्हणजे सुमारे ०.९ टक्के मिठाचे द्रावण योग्य ठरते. साध्या पाण्याने अस्तराला त्रास होतो. पाणी उकळून थंड केलेले असणे आवश्यक असते, कारण दूषित पाण्यातील काही अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचून जीवघेणा संसर्ग करू शकतात.