उलटा बंब

पुण्याचा इतिहास लिहिणारे लोक तलवारीपासून सुरुवात करतात आणि पगडीपाशी येऊन थांबतात. मला कोणी विचारलं (विचारत नाही, हा भाग वेगळा), तर मी म्हणेन, की या शहराचा खरा इतिहास दोनच गोष्टींचा आहे: तापण्याचा आणि पाण्याचा. पुण्यात माणूस लवकर तापतो हे जगजाहीर आहे. गाडीही लवकर तापते, हे मात्र ज्याने भरलेला टेम्पो लक्ष्मी रोडवरून अप्पा बळवंत चौकात नेला आहे, त्यालाच ठाऊक असतं. घाटात निदान वारा असतो. बुधवार पेठेत वारासुद्धा वाट मिळेपर्यंत उभा राहतो.

तापलेल्याला थंड कसं करायचं, या विषयावर पुण्याने मोटार जन्माला येण्याआधी सव्वाशे वर्षं विचार करून ठेवला होता. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला आंबील ओढ्यावर तळी बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून थेट शनिवारवाड्यापर्यंत आणलं. पंप नाही, इंजिन नाही. उंचावरचं पाणी आपल्या पायांनी खाली येतं, एवढ्याच तत्त्वावर सगळा कारभार. नळ कसला, बोगदाच तो. काही ठिकाणी माणूस आत चालू शकेल एवढा. वाटेत हवा मोकळी व्हावी आणि आत उतरून गाळ काढता यावा म्हणून ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवलेले. हे उच्छ्वास वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढे उपयोगी पडणार आहेत. त्या काळातले कित्येक हौद आता बुजले. साततोटी, फडके हौद अशी नावं तेवढी रिक्षावाल्यांच्या तोंडी उरली.

इकडे जर्मनीत कार्ल बेंझ नावाच्या गृहस्थाने १८८६ साली मोटारीचं पेटंट घेतलं. इंजिन थंड ठेवायला त्याने भोवती पाणी ठेवलं होतं. ते तापे, उकळे आणि वाफ होऊन निघून जाई. थोडक्यात, चहाचं आधण चाकांवर ठेवलेलं. ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची बायको बर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला पत्ता लागू न देता, तीच गाडी काढून मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. शंभरावर किलोमीटरचा रस्ता! वाटेत जिथे पाणी दिसेल तिथे ती थांबली आणि गाडीत ओतत गेली. जगातला मोटारीचा पहिला लांबचा प्रवास हा असा एका माहेरवाशिणीने विहिरी शोधत केलेला आहे. पुढे शंभर वर्षं आपले ट्रकवाले घाटात डबा घेऊन झरा शोधत फिरले, ते तिचेच वारस.

पाणी उकळून फेकण्यापेक्षा तेच पुन्हा थंड करून वापरावं, ही काटकसरीची कल्पना खरं तर पुणेरी. पण ती तडीला नेली विल्हेल्म मायबाख या जर्मनाने. १९०० च्या अखेरीस तयार झालेल्या पहिल्या मर्सिडीज गाडीसाठी त्याने आठ हजारांवर बारीक नळ्यांचं मधाच्या पोळ्यासारखं रेडिएटर बनवलं आणि मागे पंखा बसवला. पाणी निम्म्यावर आलं. आजच्या प्रत्येक गाडीच्या नाकाडामागे जी जाळी असते, ती या पोळ्याची नात किंवा पणती.

उलट हेन्री फोर्डचं बघा. १९०८ साली त्याने 'मॉडेल टी' काढली. पहिल्या अडीचेक हजार गाड्यांना पाण्याचा पंप होता. मग त्याने तो काढूनच टाकला. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, थंड झालं की जड होऊन खाली उतरतं, मग पंपाला पैसे कशाला? नानासाहेबांना हा माणूस निश्चित आवडला असता.

आता रेडिएटर म्हणजे काय, हे ज्यांना समजत नसेल त्यांनी न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवावा. बंबात मधल्या नळीतला विस्तव भोवतीच्या पाण्याला ऊब देतो. रेडिएटरमध्ये नळीतलं पाणी भोवतीच्या वाऱ्याला ऊब देतं. रेडिएटर म्हणजे उलटा बंब, संपलं. दोन्ही तांब्यापितळेचे, दोन्हींना कथलाचा डाग लागतो, दोघांनाही क्षार चढतो आणि दोघंही घरात पाहुणे असतानाच गळतात. पेशवाईपासून कसब्यात तांबट आळी आहे. हंडे-बंब ठोकणारं जे शहर, त्याला रेडिएटर परका वाटण्याचं कारणच नव्हतं.

इंजिनाचा हिशेब मध्यमवर्गीय पगारासारखा असतो. जळलेल्या डिझेलपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश कामाला लागतं, एक तृतीयांश धुरातून जातं आणि उरलेलं पाण्याच्या गळ्यात पडतं. हे शेवटचं बाहेर काढलं नाही, तर इंजिनाचं हेड वाकतं, गॅस्केट जळतं आणि मालकाच्या घरातलं सोनं सराफाकडे जातं.

हे शेवटचं वाक्य अलंकारिक नाही. आमचे थोरले मामा बुधवार पेठेत राहायचे. त्यांच्याजवळ एक जुना पिकअप होता. कंपनीचं नाव सांगत नाही. शिवाय पंधरा वर्षं वापरल्यानंतर त्यात कंपनीचं असं फारसं काही उरलंही नव्हतं. अप्पा बळवंत चौकातून शाळेची पुस्तकं भरायची आणि कात्रज, खंबाटकी ओलांडून सातारा-कराडच्या दुकानांत पोचवायची, हा त्यांचा धंदा. वर्षाची खरी कमाई मे अखेर ते जून मध्य. शाळा उघडल्यावर पोचलेलं पुस्तक आणि वरात गेल्यावर आलेला घोडा यांची किंमत सारखीच. १९९३ च्या जूनमध्ये खंबाटकीच्या ऐन चढावर गाडीने मान टाकली. हेड गेलं, हंगाम गेला आणि मामींच्या पाटल्या गेल्या. मामी काही बोलल्या नाहीत. फक्त त्या वर्षी मंगळागौरीला जेवढी बोलावणी आली, तेवढ्यांना त्यांनी 'बरं नाही' म्हणून कळवलं. मामांना तेच जास्त लागलं.

पुढच्या मेआधी गाडीचा ताप कायमचा उतरवायचा, असं ठरलं. आणि घरात दोन पक्ष पडले.

पहिला पक्ष आमच्या मामेभावाचा. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता, म्हणजे त्याला सर्व काही येत होतं. त्याचं म्हणणं, पट्ट्यावर फिरणारा पंखा हा मूळचाच अडाणी. इंजिन धावलं की हा धावणार, इंजिन मंदावलं की हा पेंगणार. गाडी गर्दीत उभी असते तेव्हा वारा सगळ्यात जास्त हवा, आणि नेमका तेव्हाच हा सुस्त! विजेचे दोन पंखे लावा. १९८३ साली मारुती आली तिला विजेचाच पंखा होता. गाडी उभी असताना तो आपोआप घुर्रर्र करून सुरू झाला, की शेजारी दचकून बघत. तसे दोन पंखे मामेभावाने जुन्या बाजारातून आणले. हा बाजार बुधवारी भरतो खरा, पण बुधवार पेठेत नाही, मंगळवार पेठेच्या अंगाला. पुण्यात पत्ता शोधणाऱ्या परक्या माणसाला आम्ही उगीच हसत नाही.

दुसरा पक्ष नाना पेठेतल्या रेडिएटरवाल्या चाचांचा. चाचांनी पंख्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. झाकण उघडलं, आत बोट घातलं, बाहेर काढून मामांसमोर धरलं. बोटावर भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यासारखी पांढरी-तांबडी खपली.

"शेठ, वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी पाजलं गाडीला?"

"जिथं मिळेल तिथलं पाजलं हो. तहान लागल्यावर कोण बघतो?"

"मग पंखा हजार लावा. नळीच बंद, तर वारा घालून कुणाला थंड करणार? मुडद्याला?"

मामेभाऊ म्हणाला, "चाचा, पण हवेचा प्रवाह..."

"बेटा, प्रवाह आहे ना. आधी पाण्याचा बघ."

चाचांनी वरची टाकी डाग सोडवून उतरवली. एकेका नळीतून पोलादी पट्टी घालून बघितली. निम्म्या नळ्यांत ती शिरेचना. मग त्यांनी निकाल दिला. जुनी जाळी तीन ओळींची आहे, ती चार ओळींची करू. पाणी जास्त मावेल, तांबं जास्त लागेल, पैसेही जास्त लागतील. मात्र चार ओळी म्हणजे जाळी जाड, आणि जाड जाळीतून वारा सहजी येत नाही. तो ओढायला पंख्याभोवती पत्र्याचं कोंडाळं हवं. जुनं कोंडाळं कुठे गेलं? मामांनी आठवून सांगितलं, की ते खडखडत होतं म्हणून काढून माळ्यावर टाकलंय. चाचांनी कपाळाला हात लावला. कोंडाळं नसलेला पंखा समोरच्या गोलापुरताच वारा ओढतो. बाकीची जाळी नुसती शोभेची. सगळ्यात स्वस्त औषध आठ वर्षं माळ्यावर पडून होतं.

झाकणाचं प्रकरण मात्र दोन्ही पक्षांना मान्य होतं. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, त्यामुळे इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. महाबळेश्वरी ९५-९६ लाच. त्यावर उपाय तोच, जो मामींच्या स्वयंपाकघरात होता: कुकर! सात पौंडाचं झाकण घट्ट बसलं, की पाणी आणखी दहा-अकरा अंश सोसतं. मामांच्या झाकणाचं रबर केव्हाच विरलं होतं. म्हणजे ते इतकी वर्षं शिट्टी नसलेल्या कुकरात डाळ शिजवत होते. मामेभाऊ लगेच तेरा पौंडाचं झाकण आणायला निघाला. चाचा म्हणाले, "तेरा लावशील तर टाकीचे जुने डाग माझ्याकडेच परत आण." सातवर तडजोड झाली.

आणि पंखे? मामेभावाने वहीत हिशेब मांडला. एका पंख्याला दहा-पंधरा ॲम्पिअर. दोन पंखे आणि रात्रीचे दिवे मिळून गाडीचा म्हातारा डायनॅमो दिवाळखोरीत. म्हणून जुना पट्ट्याचा पंखा ठेवायचा आणि जाळीच्या पुढे विजेचा एकच पंखा मदतनीस म्हणून लावायचा, असं ठरलं. त्यासाठी लागणारी रिले, फ्यूज, जाड वायर हे सगळं तपकीर गल्लीत मिळालं. नाव तपकिरीचं आणि माल विजेचा, अशी ही बुधवारातली गल्ली. शिंका मात्र बिल बघून येतात.

रिले कशाला, हे मामांना कळेना. मामेभावाने आकृती काढली, तरी कळेना. शेवटी मी म्हटलं, "मामा, साताऱ्याहून छत्रपतींची वस्त्रं येत आणि पुण्यात पेशवे कारभार हाकीत. तसं बटणातून इवलासा प्रवाह जातो, आणि सगळा मोठा प्रवाह रिले सांभाळते." मामा तत्काळ म्हणाले, "म्हणजे पुढे रिले डोईजड होणार!" इतिहासाचा असा उपयोग शाळेत कोणी शिकवत नाही. बटण म्हणून मामांनी घरातलंच, जिन्यातल्या दिव्याचं काळं बटण काढून डॅशबोर्डवर बसवलं. पंखा लावला की जिना उजळल्यासारखं वाटे, असं ते म्हणत. घरातला जिना पुढे दोन महिने अंधारातच राहिला.

१९९४ च्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गाडी भरली. चौथीची गणितं खाली, बालभारती वर. दुपारी एकला कात्रज चढायला लागलो. काटा अर्ध्यावर, मग पाऊणवर. मामांनी बटण दाबलं. समोरून घोंगावण्याचा आवाज सुरू झाला आणि काटा पाऊणवरच थबकला. खंबाटकीत रस्त्याच्या कडेला चार ट्रक बॉनेट उघडून, वाफ सोडत उभे होते. एकाला मामांनी आपल्या कॅनमधलं पाणी दिलं, आणि "इंजिन चालू ठेवून सावकाश ओता, नाहीतर हेड तडकेल" असं बजावलं. गेल्या वर्षी त्यांना हे सांगायला कोणी नव्हतं. त्या हंगामात सात खेपा झाल्या. पाटल्या दिवाळीच्या आधी घरी आल्या. मामींनी त्या घातल्या आणि पहिल्यांदा जिन्यात नवीन बटण बसवून घेतलं.

आता तांब्यापितळेचे रेडिएटर नव्या गाड्यांत दिसत नाहीत. ॲल्युमिनियमची जाळी, वर-खाली प्लॅस्टिकच्या टाक्या. वजनाला हलकं, काम चोख. पण तिला डाग देता येत नाही, टाकी उतरवून पट्टी घालता येत नाही. गळली की फेका, दुसरी आणा. विजेच्या मोटारी आल्या म्हणून रेडिएटरचा जाच संपेल असं काहींना वाटलं होतं. पण बॅटरीसुद्धा तापते. तिलाही पाणी आणि पंखा लागतो. उलट्या बंबाला मरण नाही. मरण आहे ते तो उघडून साफ करणाऱ्या हाताला.

कात्रजच्या नळाला उच्छ्वास होते, ते केवळ हवेसाठी नव्हेत. बांधणाऱ्याने गृहीतच धरलं होतं, की आत गाळ साचणार आणि कोणाला तरी उतरून तो काढावा लागणार. म्हणून त्याने माणसाला आत शिरायला वाट ठेवली, आणि तो नळ पिढ्यान् पिढ्या पाणी देत राहिला. हल्ली वस्तू गाळ साचणारच नाही अशा समजुतीने बनवतात. माणसंही तशीच बनत चालली आहेत. चिडली, की झाकण कुठून उघडायचं तेच सापडत नाही.