दादर युनियन : एका लहान क्लबाची परंपरा

क्रिकेटच्या इतिहासात मोठ्या मैदानांचा उल्लेख वारंवार होतो. परंतु खेळाडू घडतो तो बहुधा लहानशा जागी. मुंबईच्या दादर युनियन स्पोर्टिंग क्लबाचा वृत्तांत या दृष्टीने बोधप्रद आहे. नाव दादरचे, पण खेळाचे ठिकाण माटुंग्याचे उघडे मैदान. शिवाजी पार्क जिमखान्याशी त्याची चुरस मुंबईभर गाजलेली.

१९४८ साली मुंबईत डॉ. कांगा यांच्या नावाने पावसाळी साखळी स्पर्धा सुरू झाली. भिजलेल्या खेळपट्टीवर चेंडू कधी अकस्मात उसळावयाचा, तर कधी थबकावयाचा. अशा कसोटीला फलंदाजाचे तंत्र आणि धीर दोन्ही लागत. दादर युनियनचे खेळाडू याच शाळेत तयार झाले.

या क्लबाला वळण लावणाऱ्यांत माधव मंत्री अग्रगण्य होत. यष्टिरक्षक व सलामीचे फलंदाज असलेले मंत्री चार कसोटी सामने खेळले, आणि त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने तीन वेळा रणजी करंडक जिंकला. पांढरे स्वच्छ कपडे, वेळेवर हजेरी आणि क्लबाच्या सामन्यालाही कसोटीइतकाच मान, ही त्यांची शिस्त. त्यांचे भाचे सुनील गावसकर यांनी बालपणी मामांचा भारतीय संघाचा स्वेटर मागितला, तेव्हा तो घाम गाळून मिळवावा लागतो, असे उत्तर त्यांना मिळाले. भाच्याने ते मनावर घेतले. १९७१ साली वेस्ट इंडीजमध्ये पहिल्याच मालिकेत त्यांनी ७७४ धावा काढल्या, आणि १९८७ साली अहमदाबादेस कसोटीतील दहा हजार धावांचा टप्पा जगात सर्वप्रथम गाठला.

दिलीप वेंगसरकर याच क्लबाचे. लॉर्ड्सवर १९७९, १९८२ आणि १९८६ अशा तीन दौऱ्यांत त्यांनी तीन शतके झळकविली. पुढे संजय मांजरेकरही येथूनच भारतीय संघात गेले.

तथापि या परंपरेचे मर्म वासू परांजपे यांच्या चरित्रात सापडते. ते मुंबई व बडोद्याकडून खेळले. कसोटी सामना त्यांच्या वाट्यास आला नाही. दादर युनियनचे नेतृत्व मात्र त्यांनी केले, आणि तरुणांची पारख करून त्यांना धीर दिला. गावसकरांना ‘सनी’ हे नाव त्यांचेच. २०२१ साली ते निवर्तले, तेव्हा अनेक कसोटीवीरांनी त्यांना गुरू म्हणून स्मरले.

आज कसोटीपटू क्लबाच्या सामन्यांत क्वचितच दिसतात. ज्येष्ठांच्या शेजारी उभे राहून शिकण्याची नवोदितांची संधी त्यामुळे हिरावली गेली आहे, आणि ही हानी धावफलकावर दिसत नाही. बिदरजवळच्या मैलूरपासून मुंबईपर्यंत कोठेही मैदान आखता येते, खेळपट्टी तयार करता येते. तेथे मुलांसाठी रोज वेळेवर येणारा एखादा परांजपे लाभला, तरच त्या मैदानाचा क्लब होतो.